नूरभाईंची झोप

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मंठा चौफुलीजवळ ट्रकच्या टायरांवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून हवा बघत होतो. "सर, दिवाळी अंकासाठी शिक्षकी पेशातले अनुभव लिहून द्या," ते म्हणाले. मी म्हटलं, "शिक्षकांचे अनुभव लिहिणारे पायलीला पन्नास मिळतील तुम्हाला. मी ट्रकवर लिहितो." मग विचारतात, "म्हणजे ट्रकमागच्या शेरोशायरीवर का?" नाही हो. ट्रकच्या मागे जे लिहिलेलं असतं ते मागून येणाऱ्यांनी वाचायचं. मी पुढे बसतो.

मी जालन्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, तोही तासिका तत्त्वावर. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जितके तास घ्याल तितकंच मानधन, सुट्टीत काही नाही, आणि उन्हाळ्यात तर माणूस शिक्षक उरतच नाही. आठवड्यातले तीन दिवस मी खारे वारे आणि मतलई वारे शिकवतो. उरलेल्या दिवसांत एजन्सीचा फोन आला की बदली ड्रायव्हर म्हणून ट्रक चालवतो. आमच्या घराण्यात आजोबांपासून सगळे कचेरीत खुर्चीवर बसलेले. मी हेवीचं लायसन्स काढलं हे कळल्यावर मामा घरी आले. पाणी पिऊन झाल्यावर हळूच म्हणाले, "पण पार्ट टाइमच ना?" जणू अर्धवेळ चालवला तर अब्रूही अर्धीच जाणार होती.

नातेवाइकांना मी तासिका तत्त्वाचं कारण सांगतो. खरं कारण आवड हे आहे. बायपासजवळ आमचं घर, लहानपणी अभ्यासाला बसलो की रस्त्यावरून जाणारी गाडी भरलेली आहे की रिकामी हे मला आवाजावरून कळायचं. अभ्यास किती झाला ते विचारू नका. चाळिशी आल्यावर वाटलं, आता नाही तर कधी नाही, आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

लायसन्स हातात आलं त्या दिवशी पेढे वाटले. त्यानंतर कितीतरी दिवस ते लायसन्स पाकिटातच फिरत होतं. जालन्यात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांना तोटा नाही. सळईचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, धान्याचा मोंढा आहे, माल रोज कुठे ना कुठे निघालेलाच असतो. पण मी कुठेही गेलो तरी पहिला प्रश्न ठरलेला. "याच्या आधी कोनाकडं गाडी चालवली?" कोणाकडेच नाही म्हटलं की दुसरा प्रश्न यायचा नाही. गाडी मिळाल्याशिवाय अनुभव कसा येणार, हे मी एका एजन्सीवाल्याला अगदी मुद्देसूद समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "सर, तुम्ही शिकवता लई छान." चहा मात्र पाजला.

शेवटी ट्रान्सपोर्टवाले मदनसेठ भेटले. राजस्थानातून आलेलं घराणं, पण जालन्यात इतक्या पिढ्या गेल्या की सेठ रागावले की मारवाडीत नाही, मराठवाडीत रागावतात. त्यांनी अनुभव विचारलाच नाही. "उद्या मोकळे हाय का, सर? आमचा ड्रायव्हर साल्याच्या लग्नाला गेला. सळई भोकरदनला टाकायची हाय." मी इतक्या जोरात हो म्हटलं की त्यांनी दचकून वर बघितलं.

बदली म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो. ट्रकचा पक्का ड्रायव्हर लग्नाला गेला, आजारी पडला, कापूस वेचायला गावी अडकला की गाडी उभी राहते, आणि उभी गाडी कोणत्याच मालकाला बघवत नाही. मग बदलीला फोन जातो. बदलीची स्वतःची अशी गाडी नसते. आजच्या गाडीच्या सवयी कालच्या गाडीला नसतात, एकीचा क्लच वरच पकडतो तर दुसरीचा तळाशी. डॅशबोर्डवर ज्या देवाचा फोटो असेल त्याला उदबत्ती लावायची, आपला देव आपल्या घरी. आणि सगळ्यात नाजूक प्रकरण म्हणजे सीट. सीट पुढेमागे केली, आरसे हलवले, तर गाडी परत देताना ते होते तसे करून द्यायचे. पक्का ड्रायव्हर एक वेळ गाडीला आलेला पोचा माफ करील, सीट हलवलेली नाही. मी निघण्याआधी खडूने खूण करून ठेवतो. खडूला आपल्याकडे काय कमी!

मदनसेठांकडे नव्या माणसाला गाडी देताना सोबत नूरभाई जायचे, क्लीनर म्हणून. क्लीनर म्हटलं की कोणीतरी पोरसवदा डोळ्यांपुढे येतो. नूरभाई साठीच्या पुढचे. पांढरी दाढी, गळ्यात चौकड्यांचा रुमाल. सगळी हयात ट्रकच्या डाव्या सीटवर गेली, स्टेअरिंगला कधी हात लावला नाही. का नाही शिकलात विचारलं तर म्हणाले, "दोघंबी ड्रायव्हर झाल्यावर मंग मागून थाप कोन मारनार, सर?" ही थाप म्हणजे क्लीनरचं खरं काम. गाडी मागे घ्यायची असली की क्लीनर उतरून मागे जातो, "आन दो, आन दो" म्हणत हौद्यावर हलक्या थापा देत राहतो आणि थांबायचं झालं की एकच जोराची. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नसतं. त्याने त्या थापेवर सगळा भरवसा टाकायचा असतो. आता नव्या गाड्यांना मागे कॅमेरा आला आणि बऱ्याच मालकांनी क्लीनर बंद केले. सोय झाली हे खरं, पण मला ते अजून आवडलेलं नाही. कॅमेऱ्याशी गप्पा मारता येत नाहीत.

तर पहिली फेरी. सळई हा माल दिसायला गरीब. पण जोरात ब्रेक दाबला तर मागची सळई केबिनच्या दिशेने सरकायला बघते, हे नूरभाईंनी मला गाडी हलल्यावर सांगितलं. त्यानंतर मी ब्रेकला पाय लावायलाच भ्यायलो. लांबवर शेळी दिसली तरी हॉर्न. नूरभाईंनी एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने सीट घट्ट धरली होती. राजूर आलं तेव्हा त्यांनी गणपतीच्या दिशेने हात जोडले. मी म्हटलं, "नूरभाई, तुम्ही?" तर म्हणाले, "आज सगळ्यांचीच मदत लागून राह्यली, सर."

भोकरदनला सळई उतरवून धडधाकट परत आलो. मला वाटलं, सेठ गाडीभोवती फिरून बघतील, मग शाबासकी देतील. त्यांनी गाडीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. नूरभाईंना विचारलं, "झोप लागली का?"

"बिलकुल न्हाई, सेठ."

सेठ माझ्याकडे वळले. "सर, वाईट वाटून घेऊ नका. माझे वडील नव्या ड्रायव्हरची अशीच परीक्षा घ्यायचे. बाजूला बसलेल्या मानसाला झोप लागली तर ड्रायव्हर पास. आजची धरून तीन फेऱ्या देतो तुम्हाला. नूरभाई झोपले की तुमचं नाव बदलीत पक्कं. न्हाई झोपले तर मंग तुम्ही आपलं कॉलेज बघा."

उन्हाळा तोंडावर होता. बाकी कोणतीही एजन्सी मला गाडी देणार नव्हती, आणि मदनसेठांनी नाही म्हटलं की ते गावभर होणार होतं. बाहेर आल्यावर मी नूरभाईंना गाठलं. म्हटलं, पुढच्या वेळी नुसतं हो म्हणून टाका की. नूरभाईंनी कानाच्या पाळ्या धरल्या. "झोपेच्या बाबतीत मी खोटं न्हाई बोलत, सर. एकदा एकाच्या प्रेमापोटी बोललो व्हतो. दुसऱ्याच फेरीला गाडी तुरीत गेल्ती."

घरी हा सगळा प्रकार सांगितला तर वैशाली, म्हणजे आमची सौभाग्यवती, हसून हसून खाली बसली. "त्यात काय अवघड आहे? तुमच्या वर्गात तर दहाव्या मिनिटाला सगळी पोरं झोपतात. त्यांना शिकवा काहीतरी."

तिने थट्टेने म्हटलं, मी मनावर घेतलं. दुसरी फेरी होती पिंपळगाव रेणुकाईची, सरकी पेंडेची पोती. वैशालीने नूरभाईंसाठी डब्यात पुरणपोळी आणि वर तुपाची धार दिली होती. ती त्यांना पोटभर खाऊ घातली. गाडी इतकी सावकाश चालवली की ट्रॅक्टरवाले मागे वळून बघत पुढे जात होते. आणि मग मी वर्गातला आवाज लावून खारे वारे सुरू केले. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा तापतो, म्हणून वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. पोरांवर हा धडा हमखास लागू पडतो.

नूरभाई सरसावून बसले. "आन रातच्याला?"

"रात्री उलट. जमीन लवकर थंड होते, मग वारे जमिनीकडून समुद्राकडे."

"म्हंजे वारा रोज जाऊन परत येतो? आपल्या गाडीवानी?" त्यांचे डोळे लकाकले. "मंग सर, जालन्याला तर समुद्र न्हाई. इथला वारा कुठून येऊन राह्यला?"

इतकं लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी मला कधीच मिळाला नव्हता, आणि नेमका नको तेव्हा मिळाला. पिंपळगावात रेणुकादेवीच्या देवळापाशी पोचेपर्यंत आमचा वातावरणाचा दाब संपला होता आणि परतीच्या वाटेवर त्यांनी मला भरती-ओहोटीही सांगायला लावली. संध्याकाळी सेठांनी विचारलं, तर नूरभाई म्हणाले, "झोप कशाची, सेठ! गाडी कशी चालली ते मला माहीतबी न्हाई, पन वाऱ्याचं लई भारी सांगितलं सरांनी." सेठांनी एक बोट वर केलं. एकच फेरी उरली होती.

ती निघाली तीर्थपुरीहून. मोसंबी भरून जालन्याला आणायची होती. उसाचा हंगाम संपत आलेला, ऊन कडक. माल भरेपर्यंत दुपार झाली. बागवाल्याने भाकरी, वांग्याची भाजी आणि ताक दिलं, लिंबाच्या सावलीत बसून जेवलो. या खेपेला मी काहीच करायचं नाही असं ठरवलं होतं. डबा नाही, धडा नाही. होईल ते होईल. आणि गंमत सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा गाडी चालवताना मजा आली. गिअर कधी बदलायचा ते इंजिन आपण होऊन सांगत होतं. मागून मोसंबीचा आंबटगोड वास येत होता. खड्डा लांबून दिसत होता आणि ब्रेक न दाबता नुसता वेग कमी करून तो टाळता येत होता. मी स्वतःशीच गुणगुणायला लागलो. थोड्या वेळाने माझ्या गुणगुणण्यात दुसरा सूर मिसळला.

नूरभाई घोरत होते. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, रुमाल पोटावर. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हात स्टेअरिंगवर होते. श्वाससुद्धा जपून घेत मी गाडी चालवत राहिलो.

पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. अर्ध्या रस्त्यावर ओलं काँक्रीट, उरलेल्या अर्ध्यातून एका वेळी एकच गाडी जाईल एवढीच जागा, आणि एका बाजूला खोल चर. झेंडी दाखवणारा माणूस जेवायला गेला असावा. कालव्याचा छोटा पूल ओलांडून मी त्या अरुंद पट्ट्यात बराच आत शिरलो आणि समोरून एसटी आली. एसटीच्या मागे उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, टेपवर दणदणीत गाणं. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागे जात नाही, ते त्याच्याच्याने होत नाही. ट्रॅक्टर मागे नाही म्हणजे एसटी मागे नाही. मागे जायचं होतं ते मला, भरल्या गाडीनिशी, कालव्याच्या पुलावरून. आणि मागून थाप देणारा माणूस माझ्या शेजारी झोपला होता.

उठवलं तर परीक्षा गेली. एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्नकडे हात नेला तसा मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो आणि दोन्ही हात जोडले. त्याला काही कळेना. कंडक्टर बाई खाली उतरून तरातरा माझ्या खिडकीखाली आल्या. "काय हो, काय झालं? गाडी बंद पडली का?"

मी कुजबुजत सगळं सांगितलं. नवा ड्रायव्हर, सेठची परीक्षा, हे म्हातारबा झोपलेत, उठले तर माझं काम जातंय. बाईंनी टाचा उंचावून केबिनमध्ये डोकावून बघितलं. मग तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! असली कसली परीक्षा? थांबा तुम्ही."

त्या आधी ट्रॅक्टरकडे गेल्या आणि गाणं बंद झालं. मग एसटीच्या दारात उभं राहून त्यांनी काय सांगितलं देव जाणे, पण बघता बघता निम्मी एसटी खाली उतरली. माणसं चवड्यांवर चालत माझ्या गाडीच्या मागे गेली. कोणी पुलाच्या या कठड्याशी उभं राहिलं, कोणी त्या. मी रिव्हर्स टाकताच एका टोपीवाल्या आजोबांना राहवलं नाही, ते खणखणीत आवाजात "येऊ द्या, येऊ द्या" म्हणाले, तशी एक बाई त्यांच्यावर खेकसली, "गप बसा ना! म्हातारा उठंल."

मी क्लच हळूहळू सोडला. आमच्या गाडीचा मागे जातानाचा भोंगा कधीचाच बंद पडलेला होता, त्याबद्दल त्या दिवशी देवाचे आभार मानले. उजव्या आरशात कंडक्टर बाईंचा हात दिसत होता, डाव्या आरशात कॉलेजची एक मुलगी ओढणी हलवत होती. ओढणी वर म्हणजे ये, खाली म्हणजे थांब, हे तिचं तिनेच ठरवलं होतं. गाडी इंच इंच मागे सरकत होती. घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. पुलावर चाकं चढली तेव्हा डाव्या बाजूला खाली नुसतं पाणी दिसत होतं. ओढणी खाली आली, थांबलो. किंचित स्टेअरिंग वळवलं. ओढणी वर गेली. पूल ओलांडून मोकळी जागा आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे आवाज न करता, हात हवेत एकमेकांजवळ नेऊन.

एसटी शेजारून गेली तेव्हा खिडक्या माणसांनी भरल्या होत्या. एका आजीबाईंनी गालाखाली हात ठेवून खुणेने विचारलं, झोपलाय ना अजून? मी मान डोलावली. त्यांना मनापासून आनंद झाला. कंडक्टर बाईंनी बेलची दोरी ओढली नाही, ड्रायव्हरच्या खांद्यावर नुसती टिचकी मारली. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी इतकी माणसं एकदम कधीच उतरली नव्हती.

जालन्याला मार्केटात पोचल्यावर नूरभाईंनी डोळे उघडले, आळस दिला आणि ताडपत्री सोडायला लागले. ऑफिसला गेलो तेव्हा छाती अशी फुगली होती की दारातून आडवंच शिरावं लागलं असतं.

सेठांनी विचारलं, "नूरभाई, झोप लागली का?"

नूरभाईंनी रुमाल झटकला, घडी केली. "न्हाई, सेठ."

"अहो नूरभाई!" मी ओरडलोच. "घोरत होता तुम्ही!"

"घोरत व्हतो. बराबर हाय. पन रिव्हर्स पडला तवा जाग आल्ती." ते सेठांकडे बघत होते. "रिव्हर्सचा आवाज आला की माझा हात दारावर जातो, सेठ. तापात असलो तरी जातो. आजबी गेल्ता. तेवढ्यात भाईर कोनी बाई म्हनली, गप बसा, म्हातारा उठंल."

सेठ हसले, मग हसू आवरून म्हणाले, "मंग उतरले का न्हाई?"

"तेच सांगून राह्यलो. तो कालव्याचा पूल मला माहीत हाय. चांगल्या चांगल्यांनी तिथं कठडा घासला. डोळे उघडले असते तर उतरावंच लागलं असतं. पन गाडी अशी मागं जाऊन राह्यली व्हती, सेठ, ना झटका, ना घाई. म्हनलं, राहू दे." नूरभाईंनी घडी केलेला रुमाल पुन्हा उलगडला. "मी ज्या गाडीत बसलो ती आजवर माझ्या थापेबिगर मागं गेली न्हाई. आज गेली. मी डोळे मिटूनच पडलो व्हतो. पूल सरंपर्यंत."

टेबलावरची किल्ली उचलून सेठांनी ती माझ्याकडे नाही, नूरभाईंकडे दिली. नूरभाईंनी ती आपल्या रुमालाला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली.

"घ्या सर," ते म्हणाले. "उद्या जल्दी या. लांब जायचं हाय."

मी भूगोलाचा मास्तर, चाळिशी उलटलेला, सेठच्या ऑफिसात सगळ्यांदेखत रडलो.